पीठ, फूल, फिल्म

रॉचेस्टर हे न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातले, ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिण काठाचे शहर. २०२०च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २,११,३२८ भरली. १९५० मध्ये ती ३,३२,४८८ होती. आजची तिथली राहणी समजून घ्यायची तर या दोन आकड्यांपासून सुरुवात करावी लागते. सव्वातीन लाख माणसांच्या हिशेबाने आखलेले रस्ते, शाळा, चर्च, उद्याने आणि घरे आता दोन लाख माणसे वापरतात. थोरल्या भावाचा कोट धाकट्याच्या अंगावर यावा, तसे हे शहर स्वतःच्याच अंगावर सैल झाले आहे. रस्ते रुंद आणि गर्दी कमी. कुठूनही कुठेही वीस मिनिटांत पोचता येते, असे तिथले लोक नव्या माणसाला हमखास सांगतात, आणि ते खरे असते. या वीस मिनिटांची किंमत कोणी आणि केव्हा मोजली, हा शहराचा इतिहास आहे.

सगळ्याची सुरुवात पाण्यापासून होते. जेनेसी नदी पेनसिल्वेनियात उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत सरोवराला मिळते. वाटेत, आजच्या शहराच्या ऐन मध्यात, ती ९६ फुटांवरून खाली कोसळते. या ठिकाणाला हाय फॉल्स म्हणतात. पुढे सरोवराकडे जाताना तिला आणखी उतार आहेत. हा सेनेका लोकांचा मुलूख. १७७९ मध्ये अमेरिकी सैन्याने मोहीम काढून त्यांची गावे आणि उभी पिके जाळली, आणि त्यानंतरच गोऱ्या वसाहतदारांना ही जमीन ‘मोकळी’ सापडली. दहा वर्षांनी, १७८९ मध्ये, धबधब्याच्या बळावर पहिली गिरणी बसली. मेरीलँडहून आलेला नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि त्याचे दोन भागीदार यांनी १८०३ मध्ये इथली शंभर एकर जमीन विकत घेतली, आणि त्याचेच नाव गावाला मिळाले.

१८२५ मध्ये ईरी कालवा पूर्ण झाला आणि गावाचे नशीब पालटले. हडसन नदीला ईरी सरोवराशी जोडणारा ३६३ मैलांचा हा जलमार्ग रॉचेस्टरच्या मधून जात होता. नदी आडवी आल्यावर दगडी कमानींचा पूल बांधून कालवाच तिच्यावरून नेला. खाली नदी, वर नौका. जेनेसीच्या खोऱ्यातला गहू नदीवरच्या गिरण्यांत दळायचा आणि पीठ कालव्यातून न्यूयॉर्क बंदराकडे धाडायचे, असा धंदा बसला. १८२० मध्ये दीड हजार वस्तीचे हे खेडे १८३० मध्ये नऊ हजारांवर गेले आणि त्याला ‘पिठाचे शहर’ म्हणू लागले. पुढे गव्हाची शेती पश्चिमेकडे सरकली, गिरण्या तिच्या मागोमाग गेल्या. त्यांची जागा रोपवाटिकांनी घेतली. एलवँगर आणि बॅरी या दोघांनी १८४० मध्ये सुरू केलेली रोपवाटिका देशातल्या सर्वांत मोठ्या रोपवाटिकांपैकी एक झाली. इंग्रजीत पीठ आणि फूल या दोन शब्दांचा उच्चार एकच; त्यामुळे धंदा बदलला तरी टोपणनाव बदलावे लागले नाही, त्याची अक्षरे तेवढी बदलली. याच दोघांनी दिलेल्या जमिनीवर हायलँड पार्क उभे राहिले. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड याने त्याची आखणी केली. तिथे १८९२ पासून लावलेली लायलॅकची झुडपे आता बाराशेच्या वर आहेत आणि मे महिन्यात त्यांचा उत्सव भरतो. पाच महिन्यांच्या करड्या आभाळानंतर त्या टेकडीवर येणारा जांभळा वास ज्याने घेतला नाही, त्याला रॉचेस्टरचे लोक हिवाळा का सोसतात ते कळणार नाही.

तिसरा धंदा प्रकाशाचा. योहान याकोब बाउश या जर्मन स्थलांतरिताने १८५३ मध्ये इथे चष्म्यांचे छोटे दुकान काढले. हेन्री लोंब या मित्राने त्याला साठ डॉलर उसने दिले. त्या दुकानाची बाउश अँड लोंब ही कंपनी झाली. सूक्ष्मदर्शक, दुर्बिणी, कॅमेऱ्याची भिंगे आणि १९३७ पासून रे-बॅन हे काळे चष्मे तिनेच बाजारात आणले. काच घासायची, भिंगाला वळण द्यायचे, ते पितळी नळीत बसवायचे, मापात केसाइतकीही चूक चालू द्यायची नाही, हे कसब कोडॅक ही फिल्मची कंपनी निघण्याच्या एक पिढी आधीच शहराच्या बोटांत भिनले होते. या मापाच्या कामाला लागणारी यंत्रे, तापमापक, दाबमापक आणि दंतचक्रे करणारे कारखानेही आजूबाजूला वाढले. कोडॅकची गोष्ट सांगताना बहुतेक जण एका प्रतिभावंत माणसापासून सुरुवात करतात. पण त्या माणसाला भिंग, यंत्र आणि मापाची शिस्त ही सगळी चार पावलांवर मिळाली, हे विसरता कामा नये.

जॉर्ज ईस्टमन हा बँकेतला कारकून. त्या काळी छायाचित्र काढायचे तर काचेच्या ओल्या पाट्या, रसायनांच्या बाटल्या आणि तंबू असा संसार पाठीवर घेऊन हिंडावे लागे. रात्री घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग करून त्याने कोरड्या पाट्या बनवल्या, १८८१ मध्ये भागीदारीत कंपनी काढली आणि १८८८ मध्ये कोडॅक या नावाचा कॅमेरा विकायला आणला. किंमत पंचवीस डॉलर, आत शंभर छायाचित्रांची गुंडाळी. शंभर फोटो झाले की सबंध कॅमेराच टपालाने रॉचेस्टरला पाठवायचा. दहा डॉलरमध्ये फोटो छापून, नवी गुंडाळी भरून तो परत येई. म्हणजे कोणाचा वाढदिवस, कोणाचे पहिले नातवंड, कोणाची समुद्रकाठची सहल, अशी अनोळखी घरांची सुखे खोक्यांत बंद होऊन या एका गावात येत होती आणि इथल्या कामगारांच्या हातांखाली पहिल्यांदा उजेड पाहत होती. १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला आणि फोटो काढणे मुलांच्याही हाती आले.

मराठी माणसाशी या कंपनीचा धागा जुना आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनला गेले, तिथे त्यांनी विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यातून उभा राहिला. रॉचेस्टरशी असलेला दुसरा धागा तर रोजच्या बोलण्यातला आहे. हॅलॉइड या रॉचेस्टरच्या छायाचित्र-कागदाच्या कंपनीने चेस्टर कार्लसनचे कोरड्या प्रतिलिपीचे तंत्र हाती घेतले आणि १९५९ मध्ये ९१४ हे यंत्र बाजारात आणले. त्या तंत्राच्या इंग्रजी नावावरूनच कंपनीने झेरॉक्स हे नाव घेतले. तहसील कचेरीसमोरच्या टपरीवर सातबाऱ्याची ‘झेरॉक्स’ काढणाऱ्याच्या तोंडी असलेला तो शब्द याच गावातून निघालेला आहे.

कोडॅक पार्क हा मुख्य कारखाना शहराच्या उत्तर भागात, लेक अॅव्हेन्यूच्या बाजूने मैलोनमैल पसरलेला होता. स्वतःचे वीजघर, स्वतःची रेल्वे, स्वतःचे अग्निशामक दल. पण त्याची खरी खूण म्हणजे अंधार. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर चढवलेला, चांदीच्या क्षारांचा जिलेटिनमधला लेप. तो लेप उजेडाला इतका हळवा असतो की तो तयार करण्यापासून पट्टीवर चढवणे, वाळवणे, कापणे, गुंडाळणे आणि डब्यात बंद करणे इथपर्यंतचे सारे काम अंधारात किंवा अगदी मंद, विशिष्ट रंगाच्या दिव्यात करावे लागे. जगाला चित्रे दाखवणारी वस्तू घडवणारे हात स्वतःचे काम कधी डोळ्यांनी पाहू शकत नसत. बोटांची जाण, कानांची सवय आणि शेजारच्या माणसाच्या हालचालीचा अंदाज यांवर त्यांची पाळी निघे. धुळीचा एक कण म्हणजे कोणाच्या तरी फोटोत चेहऱ्यावरचा डाग, म्हणून हवा गाळून आत सोडली जाई.

जिलेटिन गुरांच्या हाडांपासून आणि कातड्यांपासून येई. कधी एखाद्या खेपेची फिल्म उत्तम उतरे, कधी मंद, कारण कळेना. १९२०च्या दशकात सॅम्युएल शेपर्ड या कोडॅकच्या शास्त्रज्ञाने शोधून काढले की गुरे जी मोहरीच्या जातीची झाडे खातात, त्यांतल्या गंधकयुक्त द्रव्यांचा अंश जिलेटिनमध्ये उतरतो आणि त्याच्यामुळे फिल्मची संवेदनशीलता वाढते. १९४५ मध्ये आणखी एक कोडे पडले. क्ष-किरणांच्या फिल्मवर काळे ठिपके उमटू लागले. जूलियन वेब या संशोधकाने माग काढला, तेव्हा दोष फिल्मभोवतीच्या पुठ्ठ्यात सापडला. तो पुठ्ठा इंडियानातल्या एका गिरणीत नदीचे पाणी वापरून केलेला होता, आणि त्या पाण्यात न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या पहिल्या अणुस्फोटाची राख पावसाबरोबर उतरली होती. इतका हळवा माल रोज मैलांच्या मापाने काढणाऱ्या शहराला बारकाव्याची सवय जडली, यात नवल नाही.

ईस्टमनने कामगारांना बांधून ठेवले ते पैशाने आणि सुखसोयींनी. १९१२ पासून कंपनीच्या नफ्याशी जोडलेला बोनस सुरू झाला. पुढे तो दर वर्षी मार्चमध्ये मिळू लागला आणि त्या दिवसासाठी गावातली मोटारींची, फर्निचरची, कपड्यांची दुकाने तयारी करून बसत. कंपनीच्या पतसंस्थेतून घरकर्ज मिळे. ब्रायटन उपनगरातली मेडोब्रूक ही सबंध वसाहत कर्मचाऱ्यांसाठीच वसवली गेली. खेळाची मैदाने, जेवणघरे, सिनेमा, पेन्शन, आजारपणाची सोय हे सारे कंपनीचेच. बाप कोडॅकमध्ये, काका कोडॅकमध्ये, शाळा सुटल्यावर मुलगाही कोडॅकमध्ये. एकदा चिकटला की जन्माची ददात मिटली, असा तो हिशेब होता. कंपनीला युनियन नको होती आणि या उदारपणामुळे ती कधी उभी राहिली नाही. हा मोबदला कामगारांनी राजीखुशीने स्वीकारला. त्याची दुसरी बाजू पुढे दिसायची होती.

ईस्टमन अविवाहित होता आणि त्याने आपला पैसा शहरात ओतला. संगीतशाळा, तिच्या शेजारचे भव्य नाट्यगृह, मुलांच्या दातांचा दवाखाना, विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय. ईस्ट अॅव्हेन्यूवरच्या त्याच्या घरातली एक खोली त्याला हवी तेवढी लांब वाटेना, म्हणून १९१९ मध्ये त्याने ते सबंध घर मधोमध कापले आणि मागचा भाग ९ फूट ४ इंच सरकवून मध्ये नवे बांधकाम घातले. मापाविषयीचा हा हट्ट त्या माणसाबद्दल कोणत्याही चरित्राइतके सांगून जातो. पाठीच्या दुखण्याने जर्जर झाल्यावर, १४ मार्च १९३२ रोजी, काम संपले असल्याची छोटी चिठ्ठी मित्रांसाठी लिहून त्याने आयुष्य संपवले. ते घर आता छायाचित्रांचे आणि चित्रपटांचे संग्रहालय आहे.

हा सुखाचा संसार सर्वांसाठी नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे रॉचेस्टरला आली. दीड दशकात त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली, पण राहायला जागा मिळे ती नदीच्या दोन्ही काठांच्या दोन जुन्या वॉर्डांत, पडक्या घरांत, चढ्या भाड्याने. कोडॅकच्या नोकऱ्या ओळखीने लागत. ज्यांचा बाप किंवा काका आत नव्हता, त्यांना ओळख कुठून असणार? एका युनियनशी करार करून कोटा ठरवून घेण्याचीही सोय नव्हती, कारण युनियनच नव्हती. २४ जुलै १९६४च्या रात्री जोसेफ अॅव्हेन्यूवर रस्त्यातल्या एका नाचगाण्याच्या कार्यक्रमात पोलिसांनी एका तरुणाला पकडले आणि ठिणगी पडली. तीन दिवस दगडफेक, लुटालूट आणि जाळपोळ चालली. राज्याच्या नॅशनल गार्डची दले बोलवावी लागली. सुबत्तेच्या, संगीताच्या, दानधर्माच्या या गावात हे घडले याचा गोऱ्या नागरिकांना धक्का बसला. धक्का बसणे हेच त्यांच्या अज्ञानाचे माप होते.

यानंतरचा भाग अमेरिकी शहरांच्या इतिहासात वाचण्यासारखा आहे. शहरातल्या चर्चांनी एकत्र येऊन शिकागोचा संघटक सॉल अलिन्स्की याला बोलावले आणि १९६५ मध्ये ‘फाइट’ ही संघटना स्थापन झाली. फ्रँकलिन फ्लॉरेन्स हे धर्मोपदेशक तिचे नेते. मागणी साधी होती: कोडॅकने ठरावीक मुदतीत कृष्णवर्णीय वस्तीतून ६०० माणसे घ्यावीत आणि त्यांना शिकवून तयार करावे. डिसेंबर १९६६ मध्ये कंपनीच्या एका सहायक उपाध्यक्षाने तशा करारावर सही केली. काही दिवसांतच कंपनीने तो करार आपल्याला बांधील नाही असे जाहीर केले. मग संघटनेने वेगळी वाट धरली. कोडॅकचे शेअर अनेक चर्चसंस्थांकडे होते. त्यांना त्यांची मते व्यवस्थापनाच्या विरोधात वापरायला सांगितले गेले आणि १९६७ मध्ये न्यू जर्सीतल्या फ्लेमिंग्टन गावी भरलेल्या भागधारकांच्या सभेत रॉचेस्टरची गरीब माणसे जाऊन उभी राहिली. त्या जूनमध्ये तडजोड झाली. भागधारकांच्या सभेत सामाजिक प्रश्न मांडण्याचा जो प्रघात आज सर्वत्र दिसतो, त्याच्या सुरुवातीच्या धड्यांपैकी हा एक आहे. शहराच्या गौरवग्रंथांत हे प्रकरण दोन ओळींत उरकतात. त्याला ईस्टमनच्या नाट्यगृहाइतकीच जागा मिळायला हवी.

त्याच सुमाराला शहर स्वतःच्या हातांनीही कापले जात होते. शहराच्या मध्याभोवती ‘इनर लूप’ हा खोल खंदकातून जाणारा वळसा-रस्ता १९६५ मध्ये पूर्ण झाला. तो बांधताना आणि ‘शहर-सुधारणे’च्या नावाखाली जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या, क्लॅरिसा स्ट्रीटवरची कृष्णवर्णीयांची दुकाने आणि जॅझची ठिकाणे त्यांत गेली. कालव्याच्या रिकाम्या पात्रात १९२७ मध्ये सुरू झालेला भुयारी रेल्वेमार्ग त्याआधीच, १९५६ मध्ये, बंद पडला होता. १९६२ मध्ये व्हिक्टर ग्रुएनने आखलेले मिडटाउन प्लाझा हे छताखालचे बाजारसंकुल ऐन मध्यवस्तीत उघडले. २००८ मध्ये ते बंद झाले आणि नंतर पाडले. माणसे उपनगरांत गेली, तिथेच दुकाने गेली, आणि मध्यवस्तीत मोटारी ठेवायचे मोकळे चौकोन उरले.

कोडॅकचा उतार सर्वांना ठाऊक आहे. इथे थोडक्यात सांगितला तरी पुरे. १९८२ मध्ये रॉचेस्टरमध्ये कंपनीची ६० हजारांहून अधिक माणसे होती. तोपर्यंत डिजिटल कॅमेरा तयार होऊन सात वर्षे झाली होती, आणि तोही याच कंपनीत: १९७५ मध्ये स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने बनवलेला, एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद घेणारा. फिल्मवरचा नफा सोडवेना, म्हणून कंपनी त्या वाटेने पूर्ण मनाने गेली नाही. २००७ मध्ये कोडॅक पार्कमधल्या इमारती स्फोटकांनी पाडल्या गेल्या. ज्यांनी त्यांत आयुष्य काढले होते असे लोकही ते पाहायला जमले होते. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले आणि त्या वर्षअखेर निवृत्त कामगारांची आरोग्यविम्याची सोय बंद झाली. शब्दावर विसंबलेल्या माणसांना, त्या शब्दामागे करार नव्हता, हे म्हातारपणी कळले. युनियन न घेतल्याचा हिशेब इतक्या उशिरा पुढे आला.

तरीही हे शहर ओस पडले नाही. एकाच कारखान्यावर जगणारी अमेरिकेतली कितीतरी गावे त्याच्याबरोबर बुडाली. रॉचेस्टर आक्रसले, पण तगले. याचे कारण बोटांतले कसब. कोडॅक आणि बाउश अँड लोंब यांच्याच पाठबळावर १९२९ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात प्रकाशविज्ञानाची संस्था सुरू झाली होती, देशातली त्या विषयाची पहिली. विद्यापीठाच्या लेसर प्रयोगशाळेत डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये लेसरचे अतिशय तीव्र आणि अतिसूक्ष्म काळाचे स्पंद तयार करण्याची रीत शोधली. तिच्यासाठी २०१८चे नोबेल पारितोषिक मिळाले. तीच रीत आज डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत वापरली जाते. मोठ्या कंपन्यांतून बाहेर पडलेल्या माणसांनी भिंगे, लेप, सेन्सर करणारे लहान कारखाने काढले. सर्वांत मोठा रोजगार आता विद्यापीठ आणि त्याची रुग्णालये देतात. कोडॅक पार्कचे नाव बदलून ईस्टमन बिझनेस पार्क झाले आणि त्याच्या वीजघराच्या आधाराने आत इतर उद्योग वसले. साठ हजारांच्या जागी हे सगळे मिळूनही तेवढ्या पगाराच्या, दहावी-बारावी झालेल्या माणसाला मिळतील अशा नोकऱ्या उभ्या झाल्या नाहीत. नव्या कामाला पदव्या लागतात, आणि पदव्या शहरात सारख्या वाटलेल्या नाहीत.

आता रोजच्या राहणीविषयी. शहरातली घरे बहुतेक लाकडी, दुमजली, शंभरीच्या आसपासची. पुढे ओसरीसारखा पोर्च, मागे अंगण, खाली तळघर, आणि हिवाळाभर धडधडणारी भट्टी. न्यूयॉर्क शहरात एका खोलीचे जे भाडे पडते, त्यात इथे सबंध मजला मिळू शकतो. पण जुन्या लाकडावर जुना रंग असतो, जुन्या रंगात शिसे असते, आणि खिडकीच्या चौकटीची धूळ रांगणाऱ्या मुलाच्या पोटात जाते. गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या रक्तात शिसे सापडू लागल्यावर शिक्षक, डॉक्टर आणि शेजारी वर्षानुवर्षे झगडले, आणि २००५ मध्ये शहराने भाड्याच्या घरांची शिशासाठी तपासणी सक्तीची करणारा कायदा केला. मुलाला विष बाधण्याची वाट न पाहता आधी घर तपासायचे, ही त्यातली साधी आणि मोठी गोष्ट. देशातल्या इतर शहरांनी तो नमुना म्हणून पाहिला. पुतळे उभारण्याजोगी गोष्ट असते तर ही.

हिवाळा सरोवर ठरवते. थंड वारा कोमट पाण्यावरून येतो, ओल उचलतो आणि काठावर बर्फ टाकतो; वर्षाला सुमारे अडीच मीटर. दोन मैलांवर लख्ख ऊन आणि इथे समोरचे घर दिसत नाही, असे होते. रात्री रस्त्यावरून नांगरगाड्यांचा खरखराट ऐकू येतो. पदपथही महापालिकाच साफ करते, ही अमेरिकेत सहसा न आढळणारी सोय. रस्त्यावरच्या मिठाने मोटारींचे पत्रे खाली गंजतात. मार्च १९९१च्या हिमवादळात झाडांवर आणि तारांवर बर्फाचे कवच चढून परगण्याच्या मोठ्या भागाची वीज गेली. काही घरांत ती दोन आठवडे आली नाही. त्या दिवसांत कोणी कोणाच्या चुलीवर जेवण केले हे लोक आजही सांगतात. हिवाळ्यात शेजार टिकतो तो असाच, फावडे उसने देण्याघेण्याने.

युनियन स्ट्रीटवरचा सार्वजनिक बाजार १९०५ पासून भरतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार. शनिवारी तिथे इटालियन आजी, पोर्तोरिकन कुटुंबे, भूतानहून निर्वासित म्हणून आलेले नेपाळीभाषक आणि उपनगरातले डॉक्टर एकाच ढिगातले टोमॅटो चाचपताना दिसतात. खाण्याची गावाची आपली अशी वस्तू म्हणजे ‘गार्बेज प्लेट’: बटाट्याचे तळलेले तुकडे आणि मॅकरोनीची थंड कोशिंबीर, त्यावर सॉसेज किंवा मांसाच्या चकत्या, त्यावर मसालेदार खिमा, मोहरी आणि कच्चा कांदा. निक टहू यांच्या खानावळीतून निघालेला हा पदार्थ रात्रपाळी संपवून आलेल्या माणसाच्या भुकेच्या मापाचा आहे. न धुरवलेले पांढरे सॉसेज, ‘व्हाइट हॉट’, हेही इथलेच. गावांची नावे उच्चारली की परका ओळखू येतो: चिली गावाला चायलाय म्हणायचे, आणि शार्लट लिहिलेल्या बंदराचा उच्चार करताना जोर शेवटच्या अक्षरावर द्यायचा.

दुकानांत, बसमध्ये हाताने बोलणारी माणसे वारंवार दिसतात. इथली बधिरांची शाळा १८७६ मधली, आणि १९६८ मध्ये रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत बधिरांसाठीची राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली. शिकायला आलेले पुष्कळ जण इथेच राहिले. बघता बघता डॉक्टर, वकील, दुकानदार खुणांची भाषा शिकले. मापाच्या शहराने हेही एक माप जुळवून घेतले.

भारतीय आले ते आधी कोडॅक आणि झेरॉक्सचे अभियंते म्हणून, नंतर डॉक्टर आणि विद्यार्थी म्हणून. त्यांत मराठी घरेही आहेत. बहुतेकांनी घरे घेतली ती पिट्सफर्ड, पेनफील्डसारख्या उपनगरांत, चांगल्या शाळांच्या जवळ. पिट्सफर्डमध्ये हिंदू मंदिर आहे. अमेरिकेत शाळेचा खर्च बराचसा त्या त्या गावच्या घरपट्टीवर चालतो, त्यामुळे शहराची हद्द ओलांडली की वर्गखोली बदलते. शहराची गणना बालदारिद्र्य सर्वाधिक असलेल्या अमेरिकी शहरांत होते आणि वीस मिनिटांवर देशातल्या उत्तम शाळांपैकी काही आहेत. १९६५ पासून शहरातली काही मुले उपनगरांच्या शाळांत बसने नेण्याची योजना चालू आहे. ती चांगली आहे आणि गरजेच्या मानाने फार तोकडी आहे. उपनगरात सुखाने राहणाऱ्या भारतीयालाही ही हद्द स्वतः ओढलेली नसली तरी वापरावी लागते, एवढे मान्य केले पाहिजे.

माउंट होप हे दफनभूमीचे टेकडवजा रान शहराच्या दक्षिणेला आहे. गुलामीतून निसटून १८४७ मध्ये इथे येऊन ‘नॉर्थ स्टार’ हे वृत्तपत्र काढणारे फ्रेडरिक डग्लस तिथे पुरलेले आहेत, आणि १८७२ मध्ये बाई असून मत दिले म्हणून अटक झालेली सुझन अँथनीही. मतदानाच्या दिवशी लोक तिच्या कबरीवर आपण मत दिल्याची चिकटपट्टी लावून जातात.

इनर लूपचा पूर्वेकडचा खंदक २०१४ ते २०१७ या काळात मातीने भरून टाकला. आता तिथे साधा रस्ता, सायकलवाट आणि राहती घरे आहेत. धबधब्यासमोरच्या पादचारी पुलावर उभे राहिले की एका बाजूला बिअरचा जुना कारखाना दिसतो, दुसऱ्या बाजूला १९१४ मध्ये बांधलेला कोडॅकचा मनोरा, आणि मध्ये तेच ९६ फुटांचे पाणी. त्यावर आजही वीज तयार होते. ईस्टमन संग्रहालयाच्या ड्रायडन चित्रगृहात जुन्या, भडकन पेटणाऱ्या नायट्रेट फिल्मवरचे चित्रपट दाखवण्याची सोय आहे. अशी चित्रगृहे जगात मोजकीच उरली आहेत. फाळक्यांच्या काळची फिल्म याच जातीची होती. आणि लेक अॅव्हेन्यूच्या बाजूच्या त्या विस्तीर्ण आवारातल्या एका इमारतीत अजूनही फिल्मवर लेप चढतो. चित्रपट-दिग्दर्शक आणि फिल्मवर फोटो काढणारी तरुण मुले तिला गिऱ्हाईक आहेत. पाळी सुरू झाली की तिथली माणसे दार लावून घेतात आणि अंधारात कामाला लागतात.